ओहोटीची वेळ

मांडव्याला बोटीतून उतरून आपण अलिबागला पोहोचतो, तेव्हा मुंबईची घाई अजून अंगातच असते. "किल्ल्यात लगेच जाता येईल ना?" टांगेवाला समुद्राकडे बघतो आणि म्हणतो, "पाणी ओसरू द्या."

समोर कुलाबा किल्ला. भरतीत चहूकडे पाणी, ओहोटीत पायी जाण्याजोगी ओली वाट. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, चंद्राच्या हिशेबानं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारालाही हाच हिशेब पाळावा लागे. भोवती खारा समुद्र आणि किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याची विहीर. मला तिचं नवल अजून वाटतं.

या गावाच्या शांततेचा विज्ञानालाही उपयोग झाला. विजेच्या ट्राममुळे मुंबईत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार होत्या, म्हणून वेधशाळा अलिबागला आली. 1904 पासून त्या नोंदी इथं होताहेत. जवळच्या किहीमला 1930 साली सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांची घरटी धीरानं न्याहाळली.

वरसोली, आक्षी, नागाव... एका दिवसात सगळे किनारे उरकू नका. एकाच ठिकाणी सुरूच्या सावलीत बसा आणि पाणी कुठवर मागे जातं ते बघा.