परदेशांत झाड लावावें काय?

ज्यास आपला देश सोडून परक्या भूमींत राहणें भाग पडलें, त्याच्यापुढें एक प्रश्न दररोज उभा राहतो: येथें घर बांधावें, कीं गांठोडें बांधलेलेंच ठेवावें? घर बांधलें तर मायभूमीचा विसर पडल्यासारखें होतें. न बांधलें तर लेंकरें उघड्यावर वाढतात.

इ. स. पूर्वीं ५९७ सालीं बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानें यरुशलेम घेतलें आणि राजा यहोयाखीन, सरदार, कारागीर व लोहार यांस धरून नेलें. त्या बंदिवानांस यिर्मयानें पत्र पाठविलें. घरें बांधा, बागा लावा, मुलाबाळांचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत तुम्हांस नेलें आहे त्याचें कल्याण इच्छा, असा त्याचा आशय होता. इकडे हनन्या सांगत होता कीं, दोन वर्षांत सारे परत येतील. यिर्मया सत्तर वर्षें म्हणे. कोणाचें बोलणें गोड लागलें असेल हें सांगणें नलगे.

दोन वर्षांची आशा मनुष्यास कशी निकामी करिते, हें आपल्या खेड्यांतहि दिसतें. पोटासाठीं परगांवीं गेलेला गृहस्थ, पावसाळ्यापूर्वीं परत जाऊं, म्हणून छपराचें भोंक बुजवीत नाहीं. असे दहा पावसाळे त्याच्या मुलांच्या डोक्यावर गळतात. ह्यास मी मायभूमीची प्रीति म्हणत नाहीं.

तथापि यिर्मयाचा उपदेश वाटतो तितका सोपा नव्हे. तें पत्र गेलें तेव्हां मंदिर उभें होतें. पुढें इ. स. पूर्वीं ५८६ सालीं बाबेलच्याच सैन्यानें तें जाळलें. ज्यानें आपलें घर जाळिलें त्याच्या नगराचें बरें चिंतावें, हें मनुष्यास पेलेल काय? एकशें सदतिसाव्या स्तोत्राचा शेवट कित्येक उपदेशक गाळून पुढें जातात. मला तें योग्य वाटत नाहीं. तो क्रोध भयंकर आहे, पण त्यांत दुःख लपविलेलें नाहीं. आणि दिवसा शेजाऱ्याच्या शेतास पाणी देऊन रात्रीं रडणें ह्यांत ढोंग नाहीं.

त्या लोकांचें पुढें काय झालें, तें इराकांतील मातीच्या पाट्यांवर लिहिलेलें सांपडलें आहे. त्यांतील पुष्कळशा २०१४ सालीं प्रसिद्ध झाल्या. इ. स. पूर्वीं ५७२ पासून ४७७ पर्यंतच्या ह्या लेखांत अल-यहूदू, म्हणजे यहूदाचें नगर, असें एक गांव येतें. जवाचीं व खजुराचीं देणीं, सरकारी जमीन, कर्ज, हाच त्यांतील मजकूर. अश्रूंचा उल्लेख नाहीं. पावतीवर कोण रडतो? पण गांवाचें नांव पाहा, आणि बापांनीं मुलांस ठेविलेलीं नांवें पाहा: कित्येकांत परमेश्वराचें नांव गोंविलेलें आहे.

कोरेशानें ५३९ सालीं बाबेल जिंकलें आणि परतण्याची वाट मोकळी झाली. परतणाऱ्यांच्या एका पुढाऱ्याचें नांव जरुब्बाबेल, म्हणजे बाबेलचें बीज! पुष्कळ लोक मात्र मागेंच राहिले. शेवटची पाटी तर त्यानंतर साठ वर्षांनीं लिहिली गेली. त्यांस दोष देण्यास माझी जीभ धजत नाहीं. आजोबांनीं लाविलेलें खजुराचें झाड सोडून, कधीं न पाहिलेल्या डोंगरांकडे निघावें कीं नाहीं, हें घरोघर ठरावयाचें होतें. एखाद्या घरांतून एक भाऊ निघाला असेल, आणि दुसरा झाडास पाणी घालीत राहिला असेल.