दोन घटकांची धाव

सामायिकाची वेळ दोन घटकांची. घटका म्हणजे 24 मिनिटं, दोन घटका म्हणजे 48. दोन वर्षांपूर्वी मला तेवढा वेळ मांडी घालून बसणंही जमेनासं झालं. गुडघे कुरकुरायचे, पायांना मुंग्या यायच्या आणि आत्म्याकडे वळवायचं लक्ष पोटरीकडे जाऊन बसायचं. शेवटी खुर्ची घेतली. त्याच सुमारास रक्तातली साखर काठावर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि चालायला लावलं.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली मी रोज फिरू लागले. पुढे या झाडापासून त्या झाडापर्यंत पळायचं, मग परत चालायचं, असं सुरू झालं. सून म्हणाली, "आई, एकदा पाच किलोमीटरची शर्यत पळून बघा. किती सुधारणा झाली ते नेमकं कळेल." पहिल्या वेळी 52 मिनिटं लागली. निम्मं अंतर तर चाललेच होते. तेव्हाच मनाशी ठरवलं, की पुढच्या खेपेला दोन घटकांच्या आत पोचायचं.

मंडळात हे कळल्यावर स्वाध्यायाच्या वेळी एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "शरीर म्हणजे पुद्गल. आज आहे, उद्या नाही. त्याची प्रगती मोजून तू काय मिळवणार?" तेव्हा मी गप्प राहिले, पण प्रश्न डोक्यात राहिला. पोळ्या लाटताना उत्तर सुचत गेलं. आपला धर्म मापाला कधी नको म्हणतो? श्रावकाची व्रतं पाहिली तर त्यांत मापंच मापं. परिग्रहाचं परिमाण, भोगोपभोगाचं परिमाण, दिग्व्रतात तर कोणत्या दिशेला किती लांब जायचं याचीही मर्यादा. सामायिकही घटकांनी मोजायचं. माप नसेल तर माणूस स्वतःलाच फसवतो. मीही वर्षभर 'रोज भरपूर चालते' असंच सांगत होते. घड्याळ लावल्यावर कळलं, त्या भरपूर चालण्यातला निम्मा वेळ बाकावर बसून गप्पांत जात होता.

म्हणजे मोजण्यात पाप नाही. फक्त व्रतातलं प्रत्येक माप स्वतःला लावायचं असतं. शेजारणीचा परिग्रह मोजायला कोणी सांगितलेलं नाही.

या शर्यतींतही तशी सोय असते, हे मला फार आवडलं. छातीवर लावायच्या नंबराच्या मागे एक चिप असते. शिट्टी कधीही वाजो, आपण सुरुवातीची पट्टी ओलांडतो तेव्हा आपली वेळ सुरू होते. पुढे शेकडो लोक असले तरी आपलं घड्याळ आपल्यापुरतं. मला वाटलं, यात मान कषायाला जागाच नाही.

जानेवारीतली शर्यत साडेसहाला सुटली. आमच्याकडे तेव्हा सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. सूर्योदयाआधी पाणी घ्यायचं नाही हा माझा नियम, त्यामुळे पहिल्या टेबलावरचे पेले तसेच सोडले. कॅम्पातल्या मोठ्या झाडांखालून पळताना गार वारा लागत होता, दम टिकून होता. दोन किलोमीटर झाले आणि पुढे आमच्या मंडळातल्या अक्का दिसल्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. डेपोवर रोज मला मागे टाकून जातात आणि वळून म्हणतात, "ये गं सावकाश."

तिथून पुढे मी घड्याळाकडे पाहिलंच नाही. आपले मुनी चार हात पुढची जमीन निरखत पाऊल टाकतात. माझी नजर अक्कांच्या पाठीवर होती.

चौथ्या किलोमीटरला त्या रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसल्या. पोटरीत गोळा आला होता. दोन्ही हातांनी पाय धरला होता. आमची नजरानजर झाली. मी हात वर केला आणि पुढे गेले. स्वयंसेवक असतीलच, मी थांबून काय करणार, असं मनाला सांगितलं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मनात जे आलं ते 'बरं झालं' असं होतं. ते लिहिताना आजही हात अडखळतो.

माझी वेळ आली 46 मिनिटं 10 सेकंद. गळ्यात पदक पडलं, सुनेनं फोटो काढले.

संध्याकाळी सामायिकाला खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसले. पूर्ण दोन घटका मांडी मोडली नाही. पाय शांत होते. मन मात्र एक मिनिट टिकेना. डोळे मिटले की रस्त्याच्या कडेला बसलेल्या अक्का.

मग बाहुबली आठवले. 2018 च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो. विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या धापा टाकत चढले, आणि वर ती 57 फुटांची शांत मूर्ती. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात त्यांची कथा आहे. भरत आणि बाहुबली यांच्या सैन्यांचा संहार टळावा म्हणून दोघा भावांतच दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध ठरलं. म्हणजे ती स्पर्धा अहिंसेसाठीच होती. बाहुबली तिन्ही जिंकले. पण जिंकल्यावर त्यांना विरक्ती आली. वर्षभर ते निश्चल उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. आपल्यामुळे भरताला क्लेश झाला, एवढं शल्य मनात होतं. भरत येऊन पूजा करतो तेव्हा ते निघतं.

लहानपणापासून ऐकलेली ही कथा मला त्या संध्याकाळी कळली. शर्यत लावण्यात दोष नव्हता, जिंकण्यातही नव्हता. पण हरलेल्याचं दुःख जिंकणाऱ्याच्या हिशेबात धरायचं असतं. मी तर त्या दुःखाच्या जोरावर पुढे गेले होते. आणि माझ्याकडे कोणी भरत येणार नव्हता. मलाच जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांकडे गेले. त्या पायाला तेल चोळत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, 'बरं झालं' हेसुद्धा. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "राग नाही गं. मीही कदाचित थांबले नसते. पण तू हात केलास तो 'येते' म्हणून की 'जाते' म्हणून, तेवढं सांग. मी बराच वेळ वाट बघितली."

"जाते म्हणून," मी म्हटलं. क्षमा मागितली. त्यांनी तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि पाय पुढे केला.

आता कोणी विचारलं, की या वयात शर्यत पळावी का, तर मी म्हणते, जरूर पळा. शरीर किती सुधारलं ते घड्याळ खरं सांगतं. 52 चे 46 झाले हे खोटं नाही. मात्र त्याच रस्त्यावर मनाचीही परीक्षा होते, आणि तिचा निकाल दुसरं कोणी गळ्यात घालत नाही. तो आपणच संध्याकाळी बसून वाचायचा असतो.

पुढच्या जानेवारीसाठी नाव दिलं आहे. अक्कांनीही दिलं आहे. डेपोवर हल्ली आम्ही बरोबर पळतो. तरी त्या पुढे निघाल्या की माझी नजर अजून त्यांच्या पाठीवर जाते. ती खाली, चार हात पुढच्या जमिनीवर आणायचा सराव चालू आहे. त्यात किती प्रगती झाली, ते मोजायला चिप नाही.