प्रामाणिक चक्र
नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार कायदेशीर केला आणि वाळवंटातले लास व्हेगस भरभराटीस आले. तेथील रूलेटच्या चक्रात सामान्यतः ३८ कप्पे असतात. एका आकड्यावर जिंकणाऱ्यास न्यायाने ३७ पट नफा मिळायला हवा. मिळतो ३५ पट. चक्रात लबाडी नसते; या फरकावरच कॅसिनो चालतो. मग जेथे फसवणूक नाही, तेथे पापही नाही काय?

ख्रिस्तसभा जुगाराला मुळातच अन्याय म्हणत नाही; परंतु स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचा पैसा त्यात गेला, की तो अनैतिक ठरतो. तेथील गार्डियन एंजल कॅथेड्रलमध्ये अर्पणात कॅसिनोची टोकनेही येतात. जिंकणारा कृतज्ञतेने देतो. पण ते कोणाच्या ताटातले होते, हे चक्र कधीच विचारीत नाही. आपण तरी विचारावे.