न कुजवलेले मत



घरात नुकतीच धम्मदीक्षा झाली, जुने देव उतरले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लागली, की शेजारून एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही आपल्या लोकांतून वेगळे का झालात?" प्रश्न साधा दिसतो. पण त्यातल्या 'आपल्या' ह्या शब्दात काटा आहे. ह्या देशाचा असणे म्हणजे माझ्यासारखा असणे, माझ्या देवळात येणे, माझे सण पाळणे, असे विचारणारा धरून चालतो. पाण्याच्या वेळी आणि लग्नाच्या पंगतीत आपण त्याचे 'आपले' कधी नव्हतो, ह्याचा मात्र त्याला विसर पडलेला असतो.

ह्या प्रश्नाला आपल्याकडून दोन उत्तरे दिली जातात. मला दोन्ही अपुरी वाटतात.

पहिले उत्तर असे, की बुद्ध धम्म ह्याच मातीतला आहे. ते खरेच आहे. आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीत दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. त्याच्या दगडी खांबांवर दान देणाऱ्या साध्या माणसांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. पवनीला जाल तेव्हा मुलांना ती टेकडी अवश्य दाखवा. परंतु एक विचार करा. उद्या पवनीचा स्तूप निघालाच नसता, तर आपण ह्या देशाचे कमी नागरिक ठरलो असतो काय? देशावरचा हक्क जमिनीखालच्या विटांवरून मोजायचा ठरवला, तर आपल्या मोहल्ल्यातल्या मुसलमान शेजाऱ्याला आणि ख्रिस्ती शिक्षिकेला आपण काय सांगणार? जो दाखला आपल्याला लागू केलेला आपल्याला चालत नाही, तो आपण दुसऱ्याकडे मागू नये.

दुसरे उत्तर रागातून येते. "हा देश आमचा नव्हताच कधी." हा राग खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले होते, की मला मायभूमीच नाही. जिथे कुत्र्यामांजरापेक्षाही हीन वागणूक मिळते त्या भूमीला माझी कशी म्हणू? पण तेच बाबासाहेब १९३८ साली मुंबई विधानसभेत म्हणाले, की आधी भारतीय आणि मग हिंदू किंवा मुसलमान, एवढ्यावर माझे समाधान नाही. माणसाने आधीही भारतीय असावे आणि शेवटीही भारतीयच असावे. ह्या दोन बोलण्यांत विसंगती शोधणारे पुष्कळ आहेत. मला त्यात विसंगती दिसत नाही. पहिले वाक्य जे होते त्याबद्दल आहे, दुसरे जे घडवायचे त्याबद्दल. आणि घडवायचे म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या भंडाऱ्यातच दाखवून दिले.

१९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण एका उमेदवाराला एकच देता येई. बाबासाहेब उभे होते. हिशेब असा होता, की अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मते त्याला राखीव जागा मिळे. मग उरलेल्या सर्वांत ज्याची मते जास्त, तो दुसऱ्या जागेवर निवडून येई, मग तो दलित का असेना. म्हणजे आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना दिले आणि दुसरे कोणालाच न देता कुजवले, तर एक ना एक जागा बाबासाहेबांच्या पदरात पडण्याची आशा वाढत होती. कार्यकर्त्यांनी तसा सल्ला दिला आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, असे चळवळीतली जुनी माणसे सांगत आली आहेत. ज्याने संविधान लिहिले त्यानेच मतदाराला मत वाया घालवायला सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते. दोनच वर्षांपूर्वी, १९५२ साली, मुंबईत मते कुजवण्याचा प्रचार झाला होता, तेव्हा त्याविरुद्ध ते निवडणूक अर्ज घेऊन न्यायाधिकरणापुढे गेले होते. जी गोष्ट तिथे चूक, ती इथे आपल्या फायद्याची म्हणून बरोबर कशी होणार?

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी मागे पडले.

ह्या पराभवाची चर्चा आपण नेहमी दुःखाने करतो. काँग्रेसने काय केले, कोणी कोणाला फितवले, ह्यावरच ती थांबते. पण त्या दुसऱ्या मताचा विचार करा. ते मत आपल्या जातीचे नव्हते, आपल्या पक्षाचेही नव्हते. दुसऱ्या समाजातल्या माणसाला निवडण्याचा तो हक्क होता, आणि तो वापरायचाच, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. ज्याला गावाने विहिरीवर येऊ दिले नाही, त्याने सगळ्या देशाचा मालक म्हणून मत टाकावे! राष्ट्र म्हणजे काय ह्यावर पुष्कळ ग्रंथ आहेत. मला ती मतपेटी पुरेशी वाटते.

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की आपण बंधुता पाळायची, पण समोरच्याने? ह्याच जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी, धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव अवघ्या काही दिवसांवर आला असताना, एका बौद्ध घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावातल्याच जमावाने ठार मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली मात्र दोष ठरला नाही. जातीसाठी घडले ते जातीसाठी घडले, असे न्यायालयाच्या कागदावर आले नाही.

खैरलांजीपुढे बंधुतेची भाषा बोलताना जीभ अडखळते, हे मी कबूल करतो. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेब काय म्हणाले ते आठवा. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असे त्यांनी विचारले आणि जाती ह्या राष्ट्रविरोधी आहेत असे स्पष्ट सांगितले. त्याच भाषणात त्यांनी अमेरिकेतल्या एका चर्चची गोष्ट सांगितली. प्रार्थनेत 'आमच्या राष्ट्राला' आशीर्वाद मागावा असे ठरले, पण दुसऱ्याच दिवशी लोकांनी हरकत घेतली, की आपण अजून एक राष्ट्र झालो कुठे? आणि तो शब्द काढून टाकावा लागला. राष्ट्र आयते मिळत नाही, हा त्याचा अर्थ. त्या रात्री जमाव देशाच्या विरुद्ध उभा होता, आणि न्याय मागायला रस्त्यावर उतरलेली माणसे देशाचे काम करीत होती. उलटे बोलणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यांचे बोलणे आपण आपल्या तोंडी घेऊ नये.

आपला जिल्हा तसा एकरंगी नाही. इथे मराठी आहे, झाडीबोली आहे, पोवारी आणि गोंडी आहे. १९५६ साली आपण मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, १९९९ साली गोंदिया वेगळा झाला. तीन वेळा पाटी बदलली, माणसे तीच राहिली. आणि १९५६ नंतर ज्यांनी कागदावर 'बौद्ध' लिहिले, त्यांनी केंद्राच्या सवलती गमावल्या. त्या १९९० साली कायदा बदलेपर्यंत परत मिळाल्या नाहीत. कित्येक घरांनी मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी कागदावर जुनेच नाव ठेवले. त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांनी नुकसान सोसून 'बौद्ध' लिहिले, त्यांनी संविधानातले सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य खरे करून दाखवले. पुस्तकातला हक्क असा कोणीतरी किंमत मोजल्यावरच जिवंत होतो.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. तीही बोललीच पाहिजे. शेजाऱ्याच्या 'आपल्या' शब्दात काटा आहे म्हणून आपण चिडतो. पण मुलीचे स्थळ आले, की आपलीच आजी, आणि कधी आपण स्वतःही, हळूच विचारतो: "ते बावणे की लाडवण? की कोसरे?" बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा प्रश्न कोणत्या दाराने आत येतो? मुलगा शिकलेला, कामधंद्याचा, निर्व्यसनी. तरी पोटजात जुळत नाही म्हणून नकार कळवायचा, आणि दुसऱ्या दिवशी विहारात जाऊन बंधुतेवर भाषण ऐकायचे. परिचयपत्र छापायला देताना त्यातली पोटजातीची ओळख पहिल्यांदा तुम्ही खोडा. ती खोडली म्हणून एखादे स्थळ हातचे जाईल. जाऊ द्या.