वैराग्याची परीक्षा

संसार सोडून ईश्वराच्या मार्गास लागावे अशी ओढ एखाद्या तरुणाच्या अगर तरुणीच्या मनात उत्पन्न झाली म्हणजे तिच्या मागोमाग भय आणि संशय हेही येतात. ही हाक खरी, की आपल्याच मनाचा खेळ? आपण निभावू काय? घरच्यांचे कसे होईल? पुष्कळांची समजूत अशी असते की, ज्याला खरी हाक येते त्याला शंका येत नाही. अर्थात ज्याला शंका येते त्याचे वैराग्य लटके. ही समजूत आम्हास बरोबर वाटत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हे. उत्तरेस अमरावतीकडे श्रीगोविंदप्रभूंचे रिद्धपूर आणि दक्षिणेस पैनगंगेपलीकडे माहूर ही महानुभावांची दोन थोर स्थाने. त्यांच्यामध्ये हा मुलूख वसला आहे. १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा झाल्यापासून चीवराचा मार्गही येथील अनेक घरांस परका राहिलेला नाही. पण हाच मुलूख कोरडवाहू कपाशीचा, कर्जाचा व शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेला. अशा घरातला कर्ता मुलगा संन्यासाची भाषा बोलू लागला, तर आईच्या डोळ्यांपुढे प्रथम सावकाराची वही उभी राहते. तिचे हे भय मोह म्हणून झिडकारावयाचे काय?

धर्मपरंपरांनी तसे केलेले नाही. राहुलाला प्रव्रज्या दिली तेव्हा शुद्धोदनाने आपले दुःख भगवान बुद्धांपाशी बोलून दाखविले, आणि मातापित्यांच्या अनुज्ञेवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला, असे विनयपिटकात सांगितले आहे. उपसंपदेसाठी तर वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. महानुभावांनी संन्याशाबरोबरच घरी राहून धर्म आचरणाऱ्या वासनिकासही पंथात स्थान दिले. कॅथलिक मठांतही व्रते घेण्यापूर्वी निदान बारा महिन्यांची उमेदवारी असते. शंका हे पाप असते, तर इतक्या भिन्न मार्गांनी तिला अवधी कशाला दिला असता?

ह्यावर कोणी विनोबांचे उदाहरण पुढे करील. २५ मार्च १९१६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि घरच्यांची अनुज्ञा न घेताच काशीस गेले. हे खरे, पण पुढचेही पाहावे. मन एकीकडे हिमालयाकडे व दुसरीकडे बंगालच्या क्रांतिकारकांकडे ओढत होते. गांधीजींचे काशीतील भाषण वाचनात आल्यावर त्यांनी आपल्या शंका पत्राने त्यांना कळविल्या. उत्तर आले तेव्हा आणखी शंका लिहिल्या. अशा गोष्टींचा उलगडा पत्रांनी न होता जगण्याने होतो, अशा आशयाचे बोलावणे आले आणि ७ जून रोजी ते अहमदाबादच्या आश्रमात दाखल झाले. मुलगा कोठे आहे हे वडिलांना गांधीजींनीच पत्र लिहून कळविले. पुढे १९१७ साली वर्षभराची रजा घेऊन विनोबा वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे अध्ययनास गेले; मुदत भरताच आपण होऊन परतले. घर सोडण्याच्या धाडसापेक्षा हे परतणेच आम्हास मोठे प्रमाण वाटते. शिवाय त्यांचे वडील बडोद्यास नोकरीस होते. मुलाच्या जाण्याने चूल विझणार नव्हती. कर्जबाजारी घरातल्या मुलाने त्यांचे धाडस उचलावे आणि परिस्थितीतला हा फरक विसरावा, हे न्याय्य नव्हे.

मग परीक्षा कोणती? स्मशानवैराग्य हा शब्द आपल्या भाषेने मोठ्या जाणतेपणाने घडविला आहे. चिता विझते तोच ते वैराग्य ओसरते. पीक बुडाले, परीक्षेत अपयश आले, लग्न मोडले, म्हणजेही तसेच वैराग्य येते; त्यात देव हवा असतो त्यापेक्षा दुःख नको असते. खरी ओढ दोन गोष्टी सोसते. एक, थांबणे. दुसरी, जिच्यावर आपल्या जाण्याचा भार पडणार आहे त्या माउलीसमोर बसून स्पष्ट बोलणे. कर्जाचा भार हलका होईतो दोन वर्षे घरी राहण्याने जी हाक विरून जाते, ती गेली तर हानी नाही. आणि जी टिकते, तिला त्या दोन वर्षांनी तेजच चढते.

मात्र आईबापांनीही आपल्या भयाचा दोर करू नये. विचार करावयास मुदत मागणे हा त्यांचा अधिकार आहे. ती मुदत जन्मभर लांबविणे हा नव्हे. कर्ज फिटले, धाकटा भाऊ हाताशी आला, आणि तरीही मुलाची ओढ कायम राहिली, तर त्यास आशीर्वाद देऊन निरोप द्यावा, हाही धर्मच होय.