शस्त्र न धरणारा सैनिक आणि अनुमोदित हिंसा

योगसूत्रे आणि जैन आचारशास्त्र हिंसेचे तीन प्रकार मानतात : कृत म्हणजे स्वतः केलेली, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदित म्हणजे दुसऱ्याने केलेली, पण जिला आपली संमती आहे अशी. रणांगणावर जखमींची शुश्रूषा करणाऱ्याला पहिल्या दोन हिंसांचा दोष लागत नाही. तिसरीचा लागतो काय, हा प्रश्न व्हिएतनाम युद्धात मारला गेलेला अमेरिकी मेडिक, म्हणजे लढणाऱ्या तुकडीबरोबर राहून जागेवरच उपचार करणारा सैनिक, थॉमस बेनेट याच्या आयुष्याने तीव्रपणे पुढे आणला आहे.

वेस्ट व्हर्जिनियातील मॉर्गनटाउन येथे १९४७ साली जन्मलेल्या या श्रद्धावान बॅप्टिस्ट तरुणाला मनुष्यवध धर्मबाह्य वाटत होता. अशा व्यक्तीला अमेरिकी कायद्यानुसार सैन्याबाहेर नागरी सेवा करता येत असे, किंवा गणवेश घालूनही शस्त्र न धरता सैन्यात राहता येत असे. बेनेटने दुसरा मार्ग पत्करला. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी तुकडी गोळीबारात सापडली, तेव्हा त्याने आघाडीवरच्या जखमींना मलमपट्टी करून मागे वाहून आणले. ११ तारखेला, पुढे पडलेल्या एका जखमीपर्यंत पोहोचणे अशक्य असल्याचे सहकारी ओरडून सांगत असतानाही तो धावला आणि मारला गेला.

अशा शुश्रूषकालाही अनुमोदित हिंसेचा दोष लागतो, हा आक्षेप कमी वजनाचा नाही. लढण्याची शक्ती राखणे हेच अमेरिकी लष्करी वैद्यकसेवेचे ब्रीद आहे, आणि बरा झालेला सैनिक पुन्हा बंदूक उचलतो. १८९९ मध्ये बोअर युद्धात सुमारे १,१०० हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारणाऱ्या गांधींनीही पुढे आत्मकथेत, जखमींची केवळ सेवा करणाराही युद्धाच्या दोषातून सुटत नाही, असे स्पष्ट म्हटले.

तथापि ११ तारखेची ती धाव या ब्रीदात बसत नाही. लढण्याच्या शक्तीचाच हिशेब मांडला तर एका जखमीसाठी तुकडीचा मेडिक गमावणे हा निव्वळ तोटा होता. तो हिशेब बाजूला सारून केलेल्या कृतीत युद्धाला संमती शोधणे अन्यायाचे ठरेल, मग ७ एप्रिल १९७० रोजी, त्याच्या जन्मदिनी, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मरणोत्तर सर्वोच्च शौर्यपदक देऊन ती कृती राष्ट्राच्या खाती जमा केली असली तरी. दोन दिवस आधी ज्यांना त्याने मागे आणले, त्यांच्याबाबत मात्र गांधींचा आक्षेप तसाच उभा राहतो, आणि बेनेटवरील प्रेमापोटी तो दडपणे योग्य नव्हे.