गृहस्थाचा पैसा आणि बुद्धविचार

संपत्ती जपणे म्हणजे आसक्तीच का, हा प्रश्न बौद्ध परंपरेत भिक्षू आणि गृहस्थ यांच्यासाठी वेगवेगळा सुटतो. भिक्षूला सोने-चांदी वर्ज्य आहे. संसारी माणसाला मात्र कमाई आणि बचत ही कर्तव्ये आहेत. अंगुत्तर निकायातील दीघजाणु सुत्तात कोलिय कुळातील एका गृहस्थाला ऐहिक हिताच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, सन्मित्रांची संगत आणि मिळकत पाहून खर्च. रक्षण करायचे ते राजा, चोर, आग, पूर आणि नावडते वारस यांच्यापासून. मिळकत तुटपुंजी असून थाटात राहणारा उंबर खाणाऱ्यासारखा ठरतो: झाड हलवायचे, चार फळे खायची, बाकीची मातीत. ऐपत असून पोटाला चिमटा घेणाराही तितकाच दोषी.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त हिशेबच मांडते. कमाईचा एक भाग उपभोगाला, दोन व्यवसायात, चौथा अडीअडचणीसाठी. मद्य, जुगार, अवेळी भटकणे, तमाशे, वाईट संगत आणि आळस या पैसा गळण्याच्या सहा वाटा.

या विचारात दोष धनाला नसून लोभाला आहे. न्यायाने मिळवलेले, कुटुंबावर खर्चलेले आणि दानात वाटलेले धन धर्माच्या आड येत नाही.